समान गुणांचा रकाना

शाळा सुरू होते जूनमध्ये आणि पाऊस येतो त्याच्या सवडीनं. सोलापुरात या दोन गोष्टींच्या मधे जो कोरडा काळ असतो, त्यात आम्ही मराठीचे शिक्षक वर्षभराचं नियोजन उरकतो. आखलेल्या मोठ्या कागदावर महिने एकाखाली एक उतरत जातात आणि त्यांच्यासमोर पाठ, कविता, पत्रलेखन, निबंध यांना जागा नेमून दिली जाते. अलंकारांच्या वाट्याला वर्षानुवर्षं जानेवारीचा दुसरा आठवडा येत आला आहे. सहल झालेली असते, स्नेहसंमेलनाचा मांडव उतरलेला असतो, परीक्षेची धग अजून लागलेली नसते. दागिने सणासुदीलाच बाहेर काढायचे, हा घरोघरीचा नियम आमच्या शाळेलाही लागू असावा. वार्षिक नियोजनातून घटक नियोजन निघतं, घटक नियोजनातून रोजचं टाचण, आणि टाचणाच्या वहीत रकाने असतात. उद्दिष्टाच्या रकान्यात मी लिहिते, ‘विद्यार्थ्यांना उपमा अलंकार ओळखता येणे.’ मूल्यमापनाच्या रकान्यात लिहिते, ‘तोंडी प्रश्न, स्वाध्याय.’ मधे ‘शैक्षणिक साहित्य’ नावाचा एक रकाना असतो. तिथं ‘चंद्र’ असं लिहावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. पण दर शनिवारी त्या वहीवर मुख्याध्यापकांची सही घ्यायची असते, म्हणून मी ‘तक्ता, रंगीत खडू’ असं लिहून चंद्राला आकाशातच राहू देते.

ॲरिस्टॉटलनं ‘पोएटिक्स’मध्ये स्पष्टच म्हणून ठेवलंय की रूपक साधण्याची हातोटी दुसऱ्याकडून शिकता येत नाही, ती उपजत असावी लागते. त्याला टाचण काढावं लागत नव्हतं, म्हणून असं बोलणं त्याला परवडलं. आमच्याकडे जे शिकवता येत नाही त्यालाही तासिका लागतात आणि घटक चाचणीही लागते. बरं, आपल्या पूर्वजांनी या कामी हात आखडता घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. चारांत सगळं भागत होतं. पुढं एकेका पंडिताच्या हातून त्यांत भर पडत गेली आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत आकडा शंभराच्या पलीकडे गेला. इतकी महागाई सोन्याच्या दागिन्यांनीही पाहिली नसेल. शाळेच्या पुस्तकांनी त्यांतले मोजके उचलले, हे त्यांचे उपकारच. पुस्तकाबाहेरचे दोन-तीन मी मागच्या दारानं वर्गात घेते, कारण व्याजस्तुती आणि स्वभावोक्ती यांच्यावाचून सोलापूरचं बोलणंच पुरं होत नाही.

उपमेचा तक्ता काढला की मला दरवेळी एक समाधान वाटतं. चार रकाने: उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि समान गुण. सुंदर मुखाचे असे चार भाग करून ते चार खणांत ठेवले की सौंदर्याचा बंदोबस्त झाल्यासारखं वाटतं. मुलांनाही हे आवडतं, कारण यात पाठ करण्यासारखं पुष्कळ असतं. ‘सारखा, प्रमाणे, समान, परी’ दिसलं की उपमा. ‘जणू, गमे, वाटे, भासे, की’ दिसलं की उत्प्रेक्षा. यातल्या शेवटच्या ‘की’नं मात्र आमच्याकडे घोळ होतो, कारण सोलापुरात वाक्य संपतंच मुळी ‘की’नं. बस की, जेव की, बघा की ओ. खुणेच्या शब्दावरून अलंकार ओळखायचा म्हटला, तर लक्ष्मी मंडईत मेथीची जुडी मागणारं सगळं गाव सकाळपासून उत्प्रेक्षेत बोलत असतं. एका मुलानं खरोखरच तसं उत्तर लिहिलं होतं आणि नियमाप्रमाणे ते चूक ठरवताना मला बराच वेळ कारण सापडत नव्हतं.

पुस्तकातली उपमानं फार खानदानी असतात. चंद्र, कमळ, हरिण, सागर. चंद्राबद्दल आमची तक्रार नाही; एप्रिल-मे महिन्यांत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकणाऱ्या गावात गच्चीवर अंथरूण टाकून पडलेल्या माणसाला चंद्र शीतल असतो हे शिकवावं लागत नाही. अडचण सागराची आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. पश्चिमेला निघालं तर आधी सह्याद्री उतरावा लागतो, पूर्वेला निघालं तर अख्खं दख्खनचं पठार आडवं येतं. तरीही दरवर्षी प्रत्येक वहीत आईचं मन सागरासारखं विशाल असतं. एकदा मी सांगितलं की यंदा समुद्राला सुट्टी. न पाहिलेल्या गोष्टी आणायच्या नाहीत. त्या दिवशी आईची मनं भराभर बदलली. एकीच्या आईचं मन हिप्परग्याच्या तळ्यासारखं झालं. समान गुणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘पाऊस झाला तर मोठं.’ मी ते वाक्य पुष्कळ वेळ पाहत बसले. घरात पगार आल्यावर आईचं मन विस्तारतं आणि महिनाअखेर त्याचा तळ दिसू लागतो, हे सागराला कधी सांगता आलं नसतं. दुसऱ्यानं लिहिलं, ‘बाबांचा राग पत्र्यासारखा.’ इथं समान गुण ‘तापतो’ असा येणार, हे मी गृहीत धरून पेन टेकवलं होतं. त्यानं लिहिलं होतं, ‘दिवस मावळला तरी लगेच गार होत नाही.’ पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यातली संध्याकाळ ज्यानं काढली आहे, त्यालाच पत्र्याचा हा दुसरा गुण ठाऊक.

आमच्या रकान्यांची पहिली अडचण इथंच येते. उपमेय दिसतं, उपमानही दिसतं. समान गुण मात्र लिहिणाऱ्याच्या घरात राहतो. ‘त्याने पाण्यासारखा पैसा खर्च केला’ या वाक्याचा अर्थ एका मुलीनं सांगितला, ‘फार जपून केला. आधी साठवून ठेवला, मग तांब्यातांब्यानं काढला.’ ज्या घरात चार-पाच दिवसांआड नळ येतो, पिंपं, घागरी, कळशा आणि शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवल्या जातात, नळाला पाणी आल्याची आरोळी उठली की मध्यरात्रीही गल्ली जागी होते, त्या घरात या वाक्याला दुसरा अर्थ येणार कुठून? वाक्प्रचार बनला तेव्हा कुणाच्या तरी दारातून नदी वाहत असणार. माझ्या उत्तरसूचीत ‘उधळपट्टी करणे’ असं छापलेलं होतं. मी त्या मुलीला विचारलं, तुझं उत्तर कशावरून? ती म्हणाली, “बाई, पाणी असंच खर्चतात की.” आणि माझ्या उत्प्रेक्षेला पुन्हा एकदा उधाण आलं.

बाहेरगावच्या माणसाला सोलापूरचं साधं वर्तमानपत्रही अलंकारिक वाटत असेल. उन्हाळा चढला की इथं रोज धरणाचा एक आकडा छापून येतो: उजनी उणे वीस टक्के, उणे तीस, उणे चाळीस. २०२४च्या उन्हाळ्यात तो आकडा उणे पन्नासाच्याही खाली उतरला आणि त्याच पावसाळ्यात धरणानं शंभरी गाठली. धरणात उणे पाणी, हा विरोधाभासाचा किती देखणा नमुना आहे! पाणी नाही असं म्हणायची गरज नाही, आहे असंही नाही. जे आहे ते नसण्याच्याही खाली आहे. पुण्याहून बदलून आलेल्या एका शिक्षकांनी ती बातमी वाचून मला कौतुकानं विचारलं होतं, “तुमचे वार्ताहर कवी आहेत का?” पण आमच्या वर्गातलं कुठलंही मूल त्यांना हिशेब समजावून सांगू शकलं असतं. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३च्या वरचा मृतसाठा. टक्केवारी मोजायची ती वरच्या ५३ टीएमसीची. वरचं संपलं की मृतसाठ्यात हात घालायचा आणि तिथून उणे मोजायचं. म्हणजे गाव वर्षातले कित्येक आठवडे मेलेलं पाणी पिऊन जगतं, आणि असं म्हटलं तरी तो विरोधाभास नसतो, पाटबंधारे खात्याची भाषा असते. विरोधाभासाचं उदाहरण द्या म्हटल्यावर मी ती बातमी फळ्यावर लिहिली, तेव्हा मुलांचे चेहरे कोरे राहिले. त्यांना त्यात विरोधही दिसेना आणि आभासही. एकानं नम्रपणे सुचवलं, “बाई, ही तर बातमी आहे.”

माझ्या शाळेच्या दिवसांत आम्हाला मराठी शिकवायला जे सर होते, त्यांनी व्याजस्तुती शिकवायला वर्गात चादर आणली होती. जेकार्डवर विणलेली अस्सल सोलापुरी चादर, बहुधा शिपाईमामांच्या खोलीतून मागून आणलेली, कारण तिला बिडीचा वास होता. सरांनी ती टेबलावर पसरली. लाल जमिनीवर पांढरा मोर. मग दोन टोकं धरून त्यांनी ती झटक्यात उलटी केली. पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. “मोर तोच,” सर म्हणाले, “जमीन बदलली. वरून स्तुती, खालून निंदा, मधे एकच वीण.” आणि मागच्या बाकावरच्या एका बोलघेवड्या मुलाकडे पाहून ते अतिशय प्रेमानं म्हणाले, “तू वर्गात असलास की मला किती विसावा मिळतो रे! मला बोलावंच लागत नाही.” तो मुलगा मोहरून गेला. दोन तासांनंतर मधल्या सुट्टीत, डबा खाताखाता, चादर त्याच्या डोक्यात उलटली. याच सरांनी आम्हाला यमक आणि अनुप्रास शिकवले ते आमच्याच गावच्या शाहीर राम जोशींकडून. पेशवाईच्या उत्तरकाळातला हा सोलापूरचा माणूस. संस्कृतात मुरलेला, लावणीत रमलेला, नंतर कीर्तनाकडे वळलेला. त्यांच्यावर १९४७ साली निघालेला ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट सरांनी किती वेळा पाहिला होता, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सर लावणी म्हणायला लागायचे, अक्षरं एकमेकांच्या हातात हात गुंफून नाचायला लागायची, यमक असं चढत जायचं की पुढची ओळ कुठं जाऊन आपटणार हे आम्हाला आधीच ऐकू यायचं, आणि नेमके तिथंच सर थांबायचे. पुढचा शृंगार अभ्यासक्रमाबाहेरचा होता. यमकात किती जोर असतो, ते मला म्हटलेल्या ओळींपेक्षा त्या थांबण्यातून जास्त कळलं. वर्गातला प्रत्येक जण मनातल्या मनात ती ओळ आपापल्या कुवतीनं पुरी करत होता.

तर जानेवारीचा दुसरा आठवडा. नियोजनाच्या कागदावर तिथं ‘रूपक’ असतं आणि गावात गड्ड्याची जत्रा. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची ही यात्रा. बाराव्या शतकातले हे शिवयोगी; त्यांनी तळं खोदलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, कन्नडमध्ये वचनं रचली. त्यांच्याशीच लग्न करीन म्हणून एका कुंभाराच्या मुलीनं हट्ट धरला आणि योगी संसारात पडणार कसा, म्हणून त्यांनी आपला योगदंड पुढं केला, अशी कथा आहे. तेव्हापासून हे लग्न दरवर्षी लागतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, उंचच उंच सात नंदीध्वज पेलत, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं संमती कट्ट्यापाशी येतात. संमती वाचली जाते, आणि तळ्याकाठी, रस्त्यावर, गच्च्यांवर, भिंतींवर जिथं पाय ठेवायला जागा मिळेल तिथं उभं असलेलं सगळं शहर एकाच वेळी अक्षता टाकतं. तेलुगू बोलणारं, कन्नड बोलणारं, मराठी बोलणारं. दंड हा वरासारखा असता तर ती उपमा झाली असती, दंड जणू वर असता तर उत्प्रेक्षा. इथं दंड हाच वर. उपमेय आणि उपमान यांच्यात काडीचाही भेद उरलेला नाही. रूपकाचं याहून शुद्ध उदाहरण मला कुठल्याही ग्रंथात सापडलेलं नाही, आणि तेही असं की ज्याला लाखभर माणसं हजर असतात. यात्रा संपवून मुलं वर्गात आली, कुणाच्या खिशात अजून जत्रेतली पिपाणी होती, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं हे उदाहरण फळ्यावर मांडलं. उपमेय: योगदंड. उपमान: सिद्धरामेश्वर. वर्ग शांत राहिला. मग ज्याच्या घरातले मोठे नंदीध्वज धरतात असा एक मुलगा उभा राहिला. रागावलेला नव्हता, जरा काळजीत होता. “बाई, ते लग्न आहे,” तो म्हणाला. “आम्ही हळद लावतो.”

मी फळा पुसला. जिथं हळद लागली, तिथं अलंकार ओळखा म्हणणं बरं दिसेना. पण तेव्हापासून एक शंका माझ्या टाचणाच्या वहीत रकाना शोधत फिरते आहे. अलंकार असतो कुठं? वाक्यात, की ते वाक्य लांबून ऐकणाऱ्याच्या कानात?

शंकांना शाळेत फार जागा नसते, कारण शिकवून झालं की मूल्यमापन दारात उभं असतं. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आठवीला आकारिकचे चाळीस आणि संकलितचे साठ अशी विभागणी झाली. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय अशी आठ साधनं दिलेली आहेत. संकलितची प्रश्नपत्रिका काढताना आधी संविधान तक्ता करायचा: ज्ञानाला इतके टक्के, आकलनाला इतके, उपयोजनाला इतके. अमेरिकेतल्या बेंजामिन ब्लूम यांनी १९५६मध्ये उद्दिष्टांची जी उतरंड रचली, ती समुद्र आणि घाट ओलांडून आमच्या स्टाफरूमच्या टेबलापर्यंत आली आहे. तक्त्यातली बेरीज आडवी आणि उभी दोन्हीकडून जुळावी लागते. ती जुळली की कवितेचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. याशिवाय प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्णनात्मक नोंद लिहायची असते, आणि ती नकारात्मक असू नये असा संकेत आहे. त्यामुळे अख्ख्या शाळेत व्याजस्तुतीचा खरा अभ्यास होतो तो शिक्षकांचा. ‘इतरांना बोलते करतो.’ ‘वर्गाबाहेरील घडामोडींची उत्तम जाण आहे.’ ‘प्रश्न विचारण्यात पुढाकार घेते, विशेषतः सुट्टीबाबत.’ ‘कोणतेही काम स्वतःच्या गतीने करतो.’ मी या नोंदी लिहिते तेव्हा मला सरांची चादर दिसते. पालक मात्र फसत नाहीत. नोंदवही हातात आली की ते आधी तिची उलटी बाजू पाहतात आणि पोराकडे बघून विचारतात, “काय केलास रे?”

मी फळा पुसला त्याच वर्षीच्या घटक चाचणीत उपयोजनाखाली मी एक प्रश्न घातला होता. ‘तुमच्या घरातल्या कोणत्याही गोष्टीविषयी एक वाक्य लिहा आणि त्यातला अलंकार ओळखा. गुण २.’ एक गुण वाक्याला, एक अलंकाराच्या नावाला. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘अम्माची बोटे झोपेत पण विड्या वळतात.’ आणि खाली, ‘अलंकार: स्वभावोक्ती.’

वाक्य वाचताच हातातलं पेन थांबलं. हे अतिशयोक्तीचं वाक्य आहे, हे कुणीही सांगेल. दिवसभर काम करून बोटांना इतकी सवय झाली की झोपेतही ती थांबत नाहीत. कल्पना फुगवून सांगितली आहे, म्हणजे अतिशयोक्ती. वाक्याचा एक गुण पक्का, नावाचा गेला. तरी मी लाल पेन फिरवलं नाही, कारण या मुलीचं अक्षर काळजीपूर्वक होतं आणि काळजीपूर्वक लिहिणारी मुलं नावं सहसा उगाच बदलत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून विचारलं, “स्वभावोक्ती म्हणजे काय?” तिनं व्याख्या बरोबर सांगितली: एखाद्या व्यक्तीचं, प्राण्याचं, स्थळाचं जसं आहे तसं हुबेहूब वर्णन. “मग हे वाक्य?” मी म्हणाले. “अतिशयोक्ती वाटत नाही का?”

“नाही बाई,” ती म्हणाली. “खरंच वळत्यात की ओ.”

आणि तिनं करून दाखवलं. अम्मा कुशीवर झोपते, चादरीचा काठ तिच्या हातात असतो. तेंदूचं पान धरावं तसा ती तो काठ अंगठा आणि बोटांच्या मधे धरते. मग बोटं वळतात, पुढं सरकतात, पुन्हा वळतात. दोरा गुंडाळावा तसा एक फेर होतो. शेवटी तर्जनीचं टोक आत दाबलं जातं, म्हणजे विडीचं तोंड बंद झालं. मग हात जरा थांबतो आणि दुसरं पान घेतो. हजार विड्यांवर मजुरी असते. सूप मांडीवर घेऊन दिवसभर तेच केलेलं असतं. “मी तिच्याजवळ झोपते ना, मला लागतं,” ती म्हणाली. हे सगळं ती सांगत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या बोटांत काहीही नव्हतं, ना पान, ना तंबाखू, ना दोरा. तरी ती कुठं अडखळली नाही.

स्वभावोक्ती हा अलंकार आहे का, यावर आपल्याकडे फार जुना वाद आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या दंडींनी ‘काव्यादर्शा’त तिला अर्थालंकारांच्या रांगेत पहिला मान दिला. पुढं काश्मीरच्या कुंतकांनी ‘वक्रोक्तिजीविता’त तिला रांगेतूनच बाहेर काढलं. वस्तूचं जसं आहे तसं वर्णन हे काव्याचं शरीर; शरीरालाच दागिना म्हटलं तर तो घालायचा कुणाला, आपणच आपल्या खांद्यावर चढायचं कसं, असा त्यांचा युक्तिवाद. कॉलेजात हा वाद मी पाठ करून परीक्षेत लिहिला होता आणि मला कुंतकांचं म्हणणं पटलं होतं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये, समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि बशीनं झाकलेला चहा असताना, मी हळूच दंडींच्या बाजूला येऊन बसले. जे डोळ्यांसमोर आहे ते जसंच्या तसं सांगणं सोपं असतं, हा कुंतकांचा समज एखाद्या सुखवस्तू घरातला असावा. ते वाक्य मी वाचलं तेव्हा कल्पना म्हणून वाचलं, कारण माझं घर त्या घरापासून लांब आहे. तिनं लिहिलं तेव्हा पाहिलेलं लिहिलं. वाक्य एकच. जवळून पाहिलं तर स्वभावोक्ती, लांबून ऐकलं तर अतिशयोक्ती. उणे पाणी, हळद लागलेला दंड आणि झोपेत वळणारी बोटं, तिन्ही ठिकाणी मला अलंकार दिसला होता आणि मुलांना घर. अलंकाराचं नाव ठरवताना आम्ही उपमेय तपासतो, उपमान तपासतो, खुणेचा शब्द तपासतो. वाचणारा किती अंतरावर उभा आहे हे तपासायला तक्त्यात जागा नाही. मी दोन्ही गुण दिले. नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘निरीक्षण अचूक आहे’ असं लिहिलं. या नोंदीला दुसरी बाजू नव्हती.

यंदाच्या जूनमध्ये नियोजनाला बसले तेव्हा अलंकारांसाठी मी एक तासिका जास्त मागितली. मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. “कशासाठी?”

“मुलांनी लिहिलेली वाक्यं खरी आहेत का, ते त्यांना विचारायला.”

“आणि खरी निघाली तर?”

“तर अलंकाराचं नाव बदलावं लागतं, सर.”

सरांनी थोडा विचार केला. गणिताचे असल्यामुळे उत्तर बदलणं त्यांना मनापासून आवडत नाही, पण पडताळा घेणं आवडतं. त्यांनी कागद पुढं ओढला, सही केली आणि खाली लाल शाईनं शेरा मारला: ‘तासिका मंजूर. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करावा.’ अतिशयोक्तीच्या उदाहरणाची माझी या वर्षीची सोय झाली.